कोकणातून लॅपलँडला: हिवाळ्याची तयारी, तिथलं राहणं आणि बाहेर पडणं

दापोलीत पारा दहाच्या खाली गेला की कोकणात त्याची बातमी होते. फिनलंडच्या उत्तरेला, लॅपलँडमधल्या रोवानिएमी शहरात, जानेवारीचं सरासरी तापमानच उणे दहाच्या खाली असतं आणि थंडीची लाट आली की उणे तीसपर्यंत उतरतं. त्या देशातला नीचांक उणे ५१.५ अंश, किट्टिला भागातल्या पोक्का गावी २८ जानेवारी १९९९ रोजी नोंदलेला. हे आकडे वाचले की इकडचा माणूस आधी सगळ्यात जाड जॅकेट शोधायला लागतो. तयारीची सुरुवात तिथून करू नये. अंग कोरडं असेल तर साध्या पण नीट घातलेल्या कपड्यांत उणे वीसमध्ये तासन्‌तास फिरता येतं. अंग ओलं असेल तर उणे पाचमध्येही थोड्याच वेळात दात वाजायला लागतात. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं, आणि हे पाणी बहुतेक वेळा बाहेरून आलेलं नसतं, आपलाच घाम असतो. कोकणात बाराही महिने घामाच्या कपड्यांत वावरायची सवय लागलेली असते. ती मोडणं हाच तयारीचा मुख्य भाग आहे.

निघण्याआधी, घरच्या घरी

माळ्यावर किंवा कपाटात ठेवलेले ट्रेकिंगचे बूट आधी खाली काढा. बऱ्याच बुटांच्या सोलचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट हवेत तो हळूहळू रासायनिकरीत्या तुटत जातो. आपल्याकडच्या चार-पाच पावसाळ्यांत न वापरता पडून राहिलेला बूट वरून नवा दिसतो, पण आतून सोल भुसभुशीत झालेला असतो. तपासायचं असं: बूट दोन्ही हातांत धरून टाच आणि चवडा एकमेकांकडे जोरात वाकवा. सोलच्या कडेला बारीक चिरा दिसल्या, नख रुतून खूण तशीच राहिली, किंवा बोटाला चिकट भुगा लागला, तर तो बूट बाद. नुसता डिंक सुटला असेल तर चांभार चिकटवून देईल, पण भुगा झालेला थर कुणीच दुरुस्त करू शकत नाही. बूट धडधाकट वाटला तरी निघण्याआधी दोन-तीन दिवस पाठीवर ओझं घेऊन चालून बघा. सोल गळून पडायचाच असेल तर तो घरच्या रस्त्यावर पडू दे.

पावसाळ्यात ट्रंकेत राहिलेल्या लोकरी कपड्यांना कुबट वास आणि बुरशीचे ठिपके असतात. कोमट पाण्यात लोकरीच्या साबणाने धुवा, पिळू नका, सावलीत पसरून वाळवा.

आता खरेदी. भारी जॅकेट, फुगीर पँट आणि जाड बूट यांवर इथे पैसे घालवू नका. हस्की कुत्र्यांची गाडी, स्नोमोबाइल, रेनडियर फार्म अशा सहली चालवणारे लोक बहुतेक वेळा अख्खा थर्मल सूट, बूट आणि हातमोजे सहलीच्या भाड्यातच देतात, शिवाय रोवानिएमीत हे सगळं दिवसाच्या भाड्यानेही मिळतं. आपण विकत घ्यायचं ते अंगाला लागणारं: मेरिनो लोकरीचे थर्मलचे दोन संच, एक फ्लीस (पॉलिएस्टरचा मऊ, लवदार स्वेटर), लोकरी मोज्यांचे तीन जोड, पातळ मोज्यांचे दोन जोड, कानटोपी, गळ्यात घालायचे नळीसारखे दोन बफ. मुंबई-पुण्यात हे सगळं मिळतं. मेरिनो महाग वाटली तर पॉलिएस्टरचे थर्मल चालतील, फक्त त्यांना घामाचा वास लवकर धरतो.

चालणार नाही ते सुती कापड. आणि त्यातही सगळ्यात घात करतो तो बनियन. थर्मलच्या आत सवयीने सुती बनियन घातला की तो घाम शोषून छाती-पाठीला चिकटून बसतो, आणि वरच्या महागड्या थरांचा काही उपयोग उरत नाही. बायकांच्या सुती स्लिप आणि लेगिंग्जचंही तेच. जीन्स तर घेऊच नका. ओली झाली की गोठून पत्र्यासारखी कडक होते.

कागदपत्रांचं थोडक्यात: फिनलंडसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. नाताळाच्या हंगामात भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून शेवटच्या पंधरवड्यावर टेकू नका. खाऊ भरताना ध्यानात ठेवा की युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. पेढे, खव्याची मिठाई, साजूक तूप घरीच ठेवा. कुळथाची पिठी, आमसुलं, मेतकूट, तांदळाच्या पापड्या सीलबंद पाकिटात, वर इंग्रजीत नाव लिहून न्या. थर्मलचा एक पूर्ण संच आणि फ्लीस हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनची बॅग एक दिवस उशिरा आली तरी अडत नाही.

थर घालणं सोपं, काढणं महत्त्वाचं

तीन थरांचं गणित बऱ्याच जणांना माहीत असतं: आत अंगाला घट्ट थर्मल, मध्ये हवा धरून ठेवणारी फ्लीस किंवा लोकर, वर वारा अडवणारं कवच. चुकतं ते वापरताना. हॉटेलच्या उबदार खोलीत सगळं चढवून दहा मिनिटं बसायचं, घाम फुटायचा, आणि तसंच बाहेर पडायचं. बाहेरचं कवच दारापाशीच घाला आणि लगेच निघा. चालायचं असेल तर निघताना अंगाला जरा गार वाटलं पाहिजे. उबदार वाटत असेल तर एक थर जास्त आहे. दहा मिनिटांनी थांबा, मानेमागे हात घालून बघा. ओलसर लागलं तर चेन उघडा, टोपी काढा, मधला थर पिशवीत टाका. थांबल्यावर, घाम सुकायच्या आत, तो थर परत चढवा. चढ चढताना काढायचं आणि माथ्यावर थांबलं की घालायचं. आळस केला की पुढचा तास कुडकुडत काढावा लागतो.

वाऱ्याचा हिशेब वेगळा ठेवा. उणे दहा अंशांत ताशी वीस किलोमीटरचा वारा असला तर उघड्या कातडीला ते उणे अठरासारखं लागतं. उणे वीसमध्ये ताशी चाळीसने स्नोमोबाइल पळवली तर उणे चौतीस. म्हणून गाडीवर बसायच्या दिवशी गाल, नाक आणि मनगट यांतला एक सेंटिमीटरही उघडा ठेवू नका. बफ श्वासाच्या वाफेने ओला होऊन तोंडापाशी बर्फ धरतो. दुसरा बफ आतल्या खिशात ठेवा आणि बदलत राहा.

पाय

लॅपलँडमध्ये सहल बिघडते ती बहुतेक पायांमुळे, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच: बूट घट्ट. दोन जाड मोजे घालून नेहमीच्या मापाच्या बुटात पाय कोंबला की रक्त नीट फिरत नाही आणि लोकरीत हवा उरत नाही. दोन्ही गोष्टी गेल्या म्हणजे ऊबही गेली. बूट नेहमीपेक्षा एक ते दीड माप मोठा घ्या. आत एक पातळ मोजा, त्यावर एक जाड लोकरी मोजा, आणि बुटात पायाची बोटं मोकळी हलली पाहिजेत. भाड्याचे बूट घेताना दोन्ही मोजे घालूनच माप बघा. संकोच वाटून मिळेल तो बूट घेऊ नका.

थंडी खालून, सोलमधून वर येते. बुटात नमद्याचा किंवा लोकरीचा जादा तळ घाला. एका जागी उभं राहायचं असेल, म्हणजे रात्रीच्या आकाशातला उत्तर प्रकाश (अरोरा) बघत किंवा बर्फावर मासे गरवत, तर पायाखाली फोमचा तुकडा, पुठ्ठा, फांद्या, जे मिळेल ते ठेवा. थेट बर्फावर उभं राहणं आणि पुठ्ठ्यावर उभं राहणं यात तासाभराचा फरक पडतो.

पायाला फार घाम येणाऱ्यांसाठी एक उपाय आहे, दिसायला विचित्र पण हमखास. पातळ मोज्यावर साधी प्लास्टिकची पिशवी चढवा आणि तिच्यावर जाड लोकरी मोजा. घाम पिशवीच्या आत अडतो, लोकर आणि बूट कोरडे राहतात. पाय किंचित दमट वाटतो पण गार पडत नाही. संध्याकाळी पाय धुऊन, पूर्ण कोरडे करून झोपा. रोज रात्री बुटाचा आतला तळ आणि काढता येणारं अस्तर बाहेर काढून वाळवा. हीटरवर थेट ठेवू नका, चामडं तडकतं आणि डिंक सुटतो. शेजारी उभं करून ठेवलं तरी सकाळपर्यंत वाळतं.

हात, चेहरा, दागिने

पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र असलेले मिटन जास्त उबदार, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. आत पातळ हातमोजा घातला की मोबाइलसाठी मिटन काढला तरी बोट उघडं पडत नाही. मिटन दोरीने मनगटाला बांधा, वाऱ्याने उडाला तर पंचाईत.

नाकातली चमकी, कानातल्या कुड्या, डूल उणे पंधराच्या खाली काढून ठेवा. धातू भोवतालच्या कातडीची ऊब ओढतो आणि कानाची पाळी आधी बधिर होते. मंगळसूत्र थर्मलच्या आत राहिलं तर काही होत नाही. ओल्या हाताने लोखंडी कठडा, गाडीचं हँडल, चावी धरू नका, कातडी चिकटते. चिकटलीच तर ओढू नका, कोमट पाणी ओता.

चेहऱ्याला क्रीम किंवा तेल चोपडून हिमदंश टळतो, ही समजूत चुकीची आहे. लावल्याने ऊब आल्याचा भास होतो आणि माणूस झाकायचं विसरतो. कापडच झाकतं. खोबरेल तेल चोवीस अंशांखाली गोठतं, म्हणून बाटलीऐवजी रुंद तोंडाच्या डबीत न्या. ते घरातल्या वापरासाठी मात्र फार कामाचं आहे, कारण तिथल्या घरांत हवा कमालीची कोरडी असते. बाहेरच्या गार हवेत बाष्प नसतंच, तीच हवा एकवीस-बावीस अंशांपर्यंत तापवली की ओठ फुटतात, टाचा चिरतात, नाकातून रक्त येतं. रात्री आंघोळीनंतर ओलसर कातडीवर तेल लावा, नाकपुडीच्या आत बोटाने थोडं फिरवा. तहान लागली नाही तरी पाणी प्या, नळाचं पाणी थेट पिण्याजोगं असतं. या कोरड्या हवेचा फायदाही घ्या: आपल्याकडे जुलैत चार दिवस न वाळणारे मोजे तिथे खुर्चीवर टाकले तर एका रात्रीत वाळतात.

रस्त्यावर

बर्फ सगळ्यात निसरडा शून्याच्या आसपास असतो, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे पंधरा-वीसमध्ये तोच बर्फ पायाखाली करकरतो आणि पकड देतो. म्हणजे हवा सुखद वाटायला लागली की जास्त जपायचं. पावलं छोटी टाका, पूर्ण तळवा एकदम टेकवा, गुडघे किंचित वाकलेले, हात खिशाबाहेर. बुटावर चढवायच्या रबरी पट्ट्या मिळतात, खाली लोखंडी खिळे असलेल्या. वयस्कर माणसांनी त्या घ्याव्यातच. दुकानात, हॉटेलात शिरताना काढा, कारण गुळगुळीत फरशीवर त्याच खिळ्यांनी माणूस आपटतो.

रोवानिएमीत डिसेंबरच्या शेवटी सूर्य जेमतेम दोन-सव्वादोन तास क्षितिजावर असतो. आणखी उत्तरेला उत्सयोकीला जवळजवळ दोन महिने तो उगवतच नाही. अंधारात चालणाऱ्याने अंगावर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी लावणं तिथे कायद्याने अपेक्षित आहे. ती गुडघ्याच्या उंचीवर लोंबेल अशी दोन्ही बाजूंना लावा, गाडीच्या दिव्याच्या झोतात येईल अशी. छातीवर लावलेली पट्टी पाठीमागून दिसत नाही.

गोठलेलं तळं आणि गरवणं

कोकणातल्या माणसाला हा भाग आवडणार. फिनलंडमध्ये साध्या गरीने बर्फाच्या भोकातून मासे धरायला परवाना किंवा शुल्क लागत नाही. वाहत्या पाण्यातल्या, चढणीच्या माशांच्या काही जागा आणि बंदी घातलेले पाणवठे सोडून कुठेही बसता येतं. पण आधी बर्फ ओळखायला शिकायचं.

पारदर्शक, काळपट दिसणारा कडक बर्फ पाच सेंटिमीटर असेल तर एक माणूस पेलतो, पंधरा सेंटिमीटर स्नोमोबाइल, वीस सेंटिमीटर मोटार. दुधी, पांढरट बर्फ हा पाणी भिजलेलं हिम गोठून झालेला असतो, त्याची ताकद निम्मी धरा. आपण नवखे, म्हणून दहा सेंटिमीटरच्या खाली पाऊल टाकू नका आणि स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय तर कधीच नाही. जाडी सगळीकडे सारखी नसते. नदी तळ्याला मिळते ती जागा, अरुंद सामुद्रधुनीसारखे भाग, पुलाखाली, धक्क्याच्या खांबांजवळ, लव्हाळ्यांत बर्फ पातळ राहतो. भरती-ओहोटीचा ओढा ओळखणाऱ्याला हे लगेच पटेल: पाणी हलतं तिथे बर्फ धरत नाही. जाड हिमाचा थरही फसवा, तो पांघरुणासारखा खालचा बर्फ उबदार ठेवतो.

गळ्यात दोरीने जोडलेले दोन टोकदार दांडके घालावेत. ते दुकानात स्वस्तात मिळतात. पिशवीत नाही, गळ्यातच. बर्फ फुटून पाण्यात पडलात तर पहिलं मिनिट फक्त श्वास आवरा, धाप आपोआप लागते आणि ओसरते. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात. आलात त्याच दिशेला तोंड करा, कारण तिकडच्या बर्फाने तुम्हाला पेललं होतं. कपडे काढू नका, त्यात अडकलेली हवा तरंगायला मदत करते. दांडके बर्फात रुतवा, पाय मागे जोरात मारून अंग आडवं करा, पोटावर सरकत बाहेर या. उभे राहू नका, लोळत लांब जा. मग लगेच ओले कपडे काढून कोरडे चढवा. म्हणूनच बर्फावर जाताना पाणी न शिरणाऱ्या पिशवीत कपड्यांचा एक पूर्ण संच हवाच. मदतीचा नंबर ११२.

गरवण्याचं साहित्य थोडं असतं: अकरा ते पंधरा सेंटिमीटर व्यासाचं हाताने फिरवायचं गिरमिट, वीतभर-हातभर लांबीची काठी, बारीक दोरी, चमकणारी धातूची गरी, आणि भोकातला चुरा काढायला झारा. गिरमिट सरळ धरा आणि दाबू नका, पातं धारदार असेल तर ते स्वतः खाली जातं. दोरी तळाला टेकेपर्यंत सोडा, मग दहा-वीस सेंटिमीटर वर ओढा. हलका झटका, मग थांबा. पर्च जातीचा पट्टेरी मासा गरी पडत असताना नाही, ती थांबल्यावर धरतो. दहा मिनिटांत काही लागलं नाही तर दुसरं भोक पाडा. एकाच भोकावर बसून गारठण्यापेक्षा हलत राहणं बरं. भोकाच्या काठावरचा चुरा झाऱ्याने सतत काढा, दोरी त्यावर गोठते. निघताना भोकाशेजारी फांदी रोवा, मागून येणाऱ्याला दिसली पाहिजे.

थर्मास

एक लिटरचा स्टीलचा थर्मास आणि त्यात कुळथाचं पातळ पिठलं. उणे वीसमध्ये याइतकं चांगलं काही लागत नाही. एक लिटर पाण्याला चार चमचे पिठी, दोन चमचे तेल, सहा-सात लसूण पाकळ्या, चार आमसुलं, तिखट-मीठ. पिठी गार पाण्यात कालवून फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडा, नाहीतर गुठळ्या होतात. नेहमीपेक्षा बरंच पातळ ठेवा, थर्मासात ते दाटतं आणि तोंडाशी अडकतं. आमसुलं काढूनच भरा. भरण्याआधी थर्मासमध्ये उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओता, हे टाळलं तर दुपारी पिठलं कोमट निघतं.

कॅमेरा, मोबाइल आणि आकाशातला प्रकाश

बॅटरी थंडीत मान टाकते पण मरत नाही, ऊब मिळाली की परत चालते. जादा बॅटरी आणि मोबाइल आतल्या खिशात, अंगालगत ठेवा. बाहेरून घरात येताना कॅमेऱ्याला घाम फुटतो. दारातून आत यायच्या आधी, बाहेरच, कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला आणि दोन तास उघडू नका. पाणी मग पिशवीवर साचतं, लेन्सच्या आत नाही. कार्ड आधीच काढून घ्या म्हणजे उघडायचा मोह होत नाही.

उत्तर प्रकाशाचा हंगाम ऑगस्टअखेरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. ढग नसणं ही पहिली अट, म्हणून अरोराच्या अंदाजाआधी हवामान बघा आणि निदान चार-पाच रात्री हाताशी ठेवा. हिरवा रंग शंभर किलोमीटरहून उंचावरच्या ऑक्सिजनचा. मंद प्रकाश डोळ्यांना राखाडी ढगासारखा दिसतो, कॅमेऱ्यात हिरवा उमटतो. संशय आला तर एक फोटो काढून खात्री करा. ट्रायपॉड, आयएसओ १६०० ते ३२००, छिद्र लेन्सला जमेल तेवढं मोठं, ५ ते १५ सेकंद, फोकस हाताने एखाद्या ताऱ्यावर. लेन्सवर श्वास सोडू नका, क्षणात दहिवर धरतं.

हिमदंश आणि गारठा

सोबतच्या माणसाचा चेहरा दर दहा मिनिटांनी बघा, स्वतःचा दिसत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर डाग पांढराफटक नसतो, फिकट राखाडी, मेणचट असतो, आणि तिथे स्पर्श कळत नाही. चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही. उघड्या उबदार तळव्याने झाकून धरा, बोटं असतील तर काखेत घाला, आणि आत चला. शेकोटीजवळ धरू नका, बधिर कातडी भाजलेली कळत नाही. रंग आणि संवेदना परत आली नाही तर दवाखाना.

माणूस थरथरतो, अडखळतो, जीभ जड होते, नसत्या गोष्टीवर हट्ट धरतो: अंगातली ऊब उतरली आहे. ओले कपडे काढा, कोरडे घाला, वाऱ्यापासून आडोसा करा, शुद्धीत असेल तर गरम गोड पेय द्या. दारू नाही. थरथर थांबली पण माणूस सुस्त झाला तर ते सुधारणं नाही, बिघडणं आहे. लगेच ११२ लावा आणि त्याला आडवं ठेवा, चालायला लावू नका.

परत आल्यावर

लोकरीचं सगळं धुऊन, पूर्ण वाळवून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात भरा, आणि हे मे महिन्यातच उरका. फुगीर जॅकेट दाबून बांधू नका, हँगरला लावा. बूट मात्र हवाबंद करू नका. आत कागद भरून, हवेशीर जागी ठेवा आणि पावसाळा संपल्यावर महिन्यातून एकदा तरी घालून चाला.